मुळापर्यंत पोचणं वेगळं, मूळ ओळखणं वेगळं

जमिनीखालच्या अळ्यांना अंधारात मुळं कशी सापडतात, असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: कार्बन डायऑक्साइडच्या मागावर. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. मुळाजवळ पोचणं आणि ते आपल्या खाण्याचं आहे हे कळणं ही दोन निराळी कामं आहेत आणि अळी ती निराळ्या खुणांवरून करते.

मुळं श्वासोच्छ्वास करतात. हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 0.04 टक्के असतो, तर मातीच्या पोकळ्यांत त्याच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त सापडतो. मुळाभोवती तो दाट असतो आणि दूर जावं तसा विरळ होत जातो. अळी दाट बाजूकडे सरकते. मक्याची मुळं खाणाऱ्या डायब्रोटिका या भुंगेऱ्याची नुकती जन्मलेली अळी जेमतेम काही मिलिमीटर लांब असते. माती कोरत जाण्याची ताकद तिच्यात फारशी नसते, त्यामुळे आयत्या भेगा आणि गांडुळांची बिळं हेच तिचे रस्ते. थोड्या दिवसांत मूळ मिळालं नाही तर ती उपाशी मरते.

अडचण अशी की हा वायू कुजणारा पाला सोडतो, सूक्ष्मजीव सोडतात आणि शेजारचं तणही सोडतं. त्यावरून ‘तिकडे काहीतरी जिवंत आहे’ एवढंच कळतं. वायरवर्मसारख्या (ही क्लिक बीटल नावाच्या भुंगेऱ्यांची अळी), अनेक पिकांवर जगणाऱ्या अळीला तेवढं बऱ्यापैकी पुरतं. म्हणूनच यीस्ट भरलेल्या, कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या गोळ्यांत कीडनाशक बुरशी मिसळून वायरवर्मना फसवता येतं. गोळीत मूळ नसतं, तरी अळी येते.

डायब्रोटिकाची अळी इतकी बेफिकीर राहू शकत नाही. मका आणि काही गवतं सोडली तर तिचं कुठेच भागत नाही. ती ओळख कशी पटवते हे एका साध्या प्रयोगात दिसतं. अळीला थोडा वेळ मक्याच्या मुळावर ठेवायचं, मग उचलून कोऱ्या पृष्ठभागावर सोडायचं. ती सावकाश चालते, जागच्या जागी वळणं घेते, स्वतःचाच माग पुन्हा पुन्हा ओलांडते. जणू हातातून पडलेली वस्तू आसपासच असणार म्हणून चाचपडणं चाललंय. तिच्या उपयोगाचं नसलेलं मूळ चाखवून सोडली, तर मात्र ती भराभर, मोठा परिसर पालथा घालत निघून जाते. कार्बन डायऑक्साइड दोन्ही मुळं सोडतात, मग फरक पडतो कशाने? मक्याच्या मुळातल्या साखरा आणि स्निग्ध घटक तिला खायला उद्युक्त करतात. त्याहून मजेशीर आहेत ती बेंझॉक्साझिनॉइड नावाची रसायनं. मका ती बचावासाठी बनवतो, इतर अनेक किडींना ती बाधतात. पण मुळाबाहेर ती लोहाशी जोडली जातात, आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ही अळी नेमक्या त्याच संयुगांवरून चांगली मुळं हेरते. झाडाचं हत्यारच शत्रूसाठी वाट दाखवणारी पाटी झालं!

दोन्ही खुणा नेहमी इतक्या सुट्या नसतात, हेही खरं. मेलोलोंथा भुंगेऱ्याच्या हुमणीवर झालेल्या प्रयोगांत मुळांचे स्राव मिसळल्यावर कार्बन डायऑक्साइडची ओढच झाकली गेली. म्हणजे आधी वायू, मग चव, अशी पायरी-पायरीची गोष्ट सगळ्याच अळ्यांना लागू पडत नाही.

शेतात हा फरक फेरपालटात दिसतो. अमेरिकेत मक्यानंतर सोयाबीन घेतलं की मक्याच्या शेतात घातलेल्या डायब्रोटिकाच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या सोयाबीनच्या मुळांवर जगू शकत नाहीत. वायूच्या मागाने तिथवर पोचल्या तरी उपयोग नसतो. 1990 च्या दशकात इलिनॉयच्या काही भागांत हा उपाय फसू लागला. तेव्हा अळ्या सोयाबीन खायला शिकल्या नव्हत्या. माद्या सोयाबीनच्या शेतात जाऊन अंडी घालू लागल्या होत्या, आणि पुढच्या वर्षी तिथे मकाच उगवणार होता.