पाण्याला वास येतोय, म्हणजे क्लोरीन जास्त झालं का?

नळाच्या पाण्याला औषधाचा वास आला की लहान गावात एकच निष्कर्ष निघतो: आज क्लोरीन जास्त पडलंय. तक्रार होते, पाणी सोडणारा कर्मचारी दुसऱ्या दिवशी पावडर कमी टाकतो, वास जातो आणि लोकांना पाणी सुधारल्यासारखं वाटतं. हा निष्कर्ष पुष्कळदा साफ उलटा असतो. नाकात झोंबणारा तो वास क्लोरीन पुरेसं न पडल्याचाही असू शकतो, आणि तेव्हा मात्रा आणखी कमी करणं म्हणजे जंतूंना मोकळं रान देणं. हे कसं घडतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण नळाचं पाणी सुरक्षित आहे की नाही हे बऱ्याच अंशी याच एका रसायनशास्त्रावर ठरतं.

क्लोरीन वायूरूपात सोडा, सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण घाला किंवा ब्लीचिंग पावडर, म्हणजे टीसीएल, कालवून टाका. पाण्यात शेवटी तयार होतं ते हायपोक्लोरस आम्ल. जंतू मारणारं खरं द्रव्य हेच. त्याचा रेणू लहान आणि विद्युतभाररहित असतो, त्यामुळे तो जिवाणूच्या आवरणातून सहज आत शिरतो आणि विकरांमधल्या (एन्झाइममधल्या) गंधकयुक्त गटांचं ऑक्सिडीकरण करून त्यांचं काम थांबवतो. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, वाढला की याच आम्लातला हायड्रोजन सुटतो आणि ऋणभारित हायपोक्लोराइट आयन उरतो. जिवाणूचा पृष्ठभागही ऋणभारितच, त्यामुळे हा आयन आत शिरायला कचरतो आणि त्याची मारकशक्ती आम्लाच्या मानाने फारच कमी पडते. पीएच साधारण 7.5 असताना आम्ल आणि आयन निम्मे निम्मे असतात. 6.5 ला सुमारे नव्वद टक्के आम्ल असतं, 8.5 ला जेमतेम दहा टक्के. म्हणजे क्लोरीन तेवढंच टाकूनही एका विहिरीचं पाणी निर्जंतुक होतं आणि दुसऱ्या विहिरीचं होत नाही.

आता मूळ प्रश्न. पाण्यात टाकलेलं क्लोरीन लगेच जंतूंच्या मागे लागत नाही. पाण्यात विरघळलेलं लोह, मँगनीज, सल्फाइड, कुजलेल्या पानांमधली सेंद्रिय द्रव्यं हे सगळे आधीचे सावकार असतात. त्यांची देणी भागल्याशिवाय हातात काही उरत नाही. या देण्याला क्लोरीनची मागणी म्हणतात. मागणी पुरी होईपर्यंत कितीही वेळा मोजा, शिल्लक शून्यच येणार.

मागणीतला सर्वांत गमतीदार घटक म्हणजे अमोनिया. सांडपाणी, शेण-मूत्र, खतं यांच्यामुळे तो पाण्यात येतो. क्लोरीनशी त्याचा संयोग होऊन आधी मोनोक्लोरामाइन बनतं. हेही जंतूनाशक आहे, पण मुक्त क्लोरीनपेक्षा, म्हणजे अमोनियाशी न जोडलेल्या क्लोरीनपेक्षा, कित्येक पटींनी मंद. काही मोठ्या शहरांत ते मुद्दाम वापरतात, कारण लांबच लांब नळांमध्ये ते जास्त काळ टिकतं. क्लोरीन वाढवत गेलो की शिल्लकही वाढत जाते, पण ही सगळी संयुक्त, म्हणजे अमोनियाशी जोडलेली, शिल्लक असते, मुक्त नव्हे. अमोनियातल्या नायट्रोजनच्या वजनाच्या पाचपट क्लोरीन झालं की ही शिल्लक शिखराला पोचते. त्यापुढे क्लोरीन आणखी टाकलं तर शिल्लक चक्क घटू लागते! कारण मोनोक्लोरामाइनचं डायक्लोरामाइन होतं, ते अस्थिर असतं, फुटतं, आणि त्यातला नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. याच टप्प्यात वास सर्वांत जास्त. डायक्लोरामाइन आणि ट्रायक्लोरामाइन ही दोन्ही अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतात. पोहण्याच्या तलावावर डोळे चुरचुरवणारा जो वास 'क्लोरीनचा' म्हणून ओळखला जातो, तो प्रामुख्याने यांचाच.

घट कुठे थांबते? अमोनियाचे दोन रेणू नायट्रोजन वायूत बदलायला हायपोक्लोरस आम्लाचे तीन रेणू लागतात. क्लोरीनचा रेणुभार 71, नायट्रोजनचा अणुभार 14. दीड गुणिले 71 भागिले 14, उत्तर 7.6. म्हणजे नायट्रोजनच्या 7.6 पट क्लोरीन टाकल्यावर मात्रा आणि शिल्लक यांचा आलेख तळाला येतो. प्रत्यक्षात 8 ते 10 पट लागतं, कारण इतर प्रक्रियाही क्लोरीन खातात. या तळाच्या बिंदूला ब्रेकपॉइंट म्हणतात. तिथून पुढे टाकलेला क्लोरीनचा जवळपास प्रत्येक कण मुक्त शिल्लक म्हणून राहतो, आणि वास उतरतो.

समजा पाण्यात अमोनियाचा नायट्रोजन लिटरला 0.5 मिलिग्रॅम आहे. लिटरला 2.5 मिलिग्रॅम क्लोरीन टाकलं तर एकूण शिल्लक भरघोस दिसेल. 3.5 टाकलं तर शिल्लक कमी दिसेल आणि वास वाढेल. हा आलेख ज्याला कोणी समजावून सांगितलेला नाही, तो कर्मचारी अशा वेळी काय करेल? तो माघारीच फिरेल. त्याला खरं जायचं होतं 5 च्या आसपास. अर्थात प्रत्येक वासामागे हेच कारण असतं असं नाही. काहींचं नाक इतकं तिखट असतं की लिटरला 0.3 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीनही त्यांना कळतं. म्हणून नाकावर विसंबण्याऐवजी मोजायला हवं.

मोजणी अवघड नाही. डीपीडी नावाची गोळी पाण्याच्या नमुन्यात टाकली की मुक्त क्लोरीनमुळे लगेच गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद तितकं क्लोरीन जास्त. दुसरी गोळी टाकून एकूण शिल्लक कळते, आणि दोन आकड्यांतला फरक म्हणजे क्लोरामाइनं. जुनी ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी पिवळा रंग देते, पण त्यात मुक्त आणि संयुक्त यांची सरमिसळ होते: मुक्त क्लोरीनचा रंग तत्काळ येतो, संयुक्तचा हळूहळू चढतो. बाटली हातात धरून पाच मिनिटं गप्पा मारल्या आणि मग रंग पाहिला, तर तो आकडा फसवा.

जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन असं आहे: पीएच 8 पेक्षा कमी असताना किमान 30 मिनिटांच्या संपर्कानंतर लिटरला 0.5 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवं, आणि नळाशी पोचेपर्यंत किमान 0.2. यातली तीस मिनिटं फार महत्त्वाची. पावडर कालवून टाकी लगेच सोडली तर टाकीजवळच्या घरांना जंतू आणि क्लोरीन दोन्ही एकत्र मिळतात.

लहान गावाची आणखी एक अडचण पावडरमध्येच दडलेली असते. 10 लाख लिटर पाण्याला लिटरमागे 2 मिलिग्रॅम या दराने 2 किलो क्लोरीन लागतं. ताज्या पावडरीत उपलब्ध क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे 6 किलो पावडर पुरते. हीच पावडर दमट, उबदार खोलीत महिनोन्महिने पडून 20 टक्क्यांवर आली, तर 10 किलो लागते. नोंदवहीत मात्र 6 किलोच लिहिलं जातं, आणि हिशेब जुळल्यासारखा दिसतो.

नोंदवहीवर विश्वास ठेवून गाव कसं कोसळतं याचं सर्वांत क्लेशदायक उदाहरण म्हणजे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातलं वॉकर्टन. वस्ती सुमारे पाच हजार. मे 2000 मध्ये जोरदार पाऊस झाला आणि शेणखत टाकलेल्या शेताजवळच्या एका उथळ विहिरीत इ. कोलाय ओ157:एच7 आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू पोचले. 2300 हून अधिक लोक आजारी पडले, सात जण दगावले. चौकशीत निघालं की क्लोरीनची मात्रा ठरल्यापेक्षा कमी होती आणि शिल्लक क्लोरीनचे आकडे न मोजताच लिहिले जात होते. पावसाच्या पाण्याबरोबर आलेल्या घाणीने मागणी वाढली आणि होतं तेवढं क्लोरीन त्यातच संपलं. शिल्लक क्लोरीन सतत मोजणारं यंत्र त्या विहिरीवर नव्हतं. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे: क्लोरीनची चव नको म्हणून ते कमी करा, असा आग्रह काही रहिवासीच धरत होते. कर्मचारीही क्लोरीन न घातलेलं कच्चं पाणी बिनदिक्कत पीत, कारण ते दिसायला आणि चवीला उत्तम होतं.

स्वच्छ दिसणं आणि सुरक्षित असणं यांचा घोळ आता टीडीएस मीटरने आणखी वाढवला आहे. घरोघरी तो बुडवून 'पाणी शुद्ध' असा निवाडा दिला जातो. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. एका जिवाणूचं वजन ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाएवढं. लिटरमध्ये दहा लाख जिवाणू असले तरी त्यांचं एकूण वजन 0.001 मिलिग्रॅम भरेल. लिटरला एक मिलिग्रॅमच्या पायरीने आकडा दाखवणाऱ्या यंत्राला ते दिसणारच नाहीत. चुंबकातून नेलेलं पाणी, 'संरचित' पाणी, रेणूंना 'ऊर्जा' देणारी भांडी यांच्या जाहिराती तर विज्ञानाचे शब्द उसने घेऊन चालतात. त्यातल्या एकानेही जंतू मरत नाहीत.

क्लोरीनमुळे कर्करोग होतो, हा संदेशही सारखा फिरतो. त्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. 1974 मध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानेस रूक यांनी दाखवून दिलं की क्लोरीन आणि सेंद्रिय द्रव्यं यांच्यापासून क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेनं तयार होतात. म्हणूनच पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरोफॉर्मला लिटरला 0.3 मिलिग्रॅम अशी मार्गदर्शक मर्यादा आहे. पण उपाय क्लोरीन बंद करणं हा नाही. तुरटीने गाळ बसवून आणि वाळूच्या थरातून गाळून सेंद्रिय द्रव्यं आधीच काढली की मागणी घटते, उपपदार्थही घटतात. उपपदार्थ टाळण्यासाठी निर्जंतुकीकरणात तडजोड करू नका, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्टपणे सांगते.

गाळण्याला दुसरंही महत्त्व आहे. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीच्या कवचापुढे नेहमीच्या मात्रेतलं क्लोरीन हतबल ठरतं. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात गाळणी नीट चालली नाही आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. क्लोरीन तिथे होतंच.

टाकीवर मोजलेला शिल्लक क्लोरीनचा आकडाही अर्धीच माहिती देतो. पुरवठा काही तासांपुरताच असेल तर पाणी बंद झाल्यावर नळातला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यांमधून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. त्याच्याशी झुंजायला फक्त मुक्त शिल्लक असते, आणि ती लाइनच्या टोकाकडे जाताना कमी कमी होत जाते. नमुना घ्यायचा तो सर्वांत शेवटच्या घराच्या नळाचा, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तर दररोज. तिथे गुलाबी रंग आला नाही, तर त्या दिवशी पाणी खळखळून उकळावं. जिवाणू, विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियमसुद्धा त्याने मरतात. नायट्रेट, फ्लोराइड आणि आर्सेनिक मात्र ना क्लोरीनने जातात ना उकळण्याने. त्यांच्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो.