क्वेलच्या शिकारीतील पॉइंटर आणि कॉकर

अमेरिकेच्या आग्नेय भागात बॉबव्हाइट क्वेल या पक्ष्याच्या शिकारीसाठी दोन जातींचे कुत्रे एकत्र वापरण्याची पद्धत. रानात लांबवर धावणारा पॉइंटर वासावरून थवा हेरतो आणि जागीच ताठ उभा राहतो. मग इंग्लिश कॉकर स्पॅनियल झुडपात घुसून थवा उठवतो आणि छर्रे लागून पडलेली पाखरे शोधून आणतो. जॉर्जिया राज्यातील थॉमसव्हिल आणि फ्लोरिडाची राजधानी टॅलाहासी यांच्या दरम्यानचा रेड हिल्स हा टापू या शिकारीसाठी विशेष प्रसिद्ध आहे.

बॉबव्हाइट जेमतेम पावणेदोनशे ग्रॅमचा. तो पाहून आपल्याकडच्या लाव्याची आठवण होते, पण दोघांची कुळे वेगळी आहेत. हिवाळ्यात दहा-पंधरा पाखरे थव्याने राहतात. रात्री ती जमिनीवर गोल करून, शेपट्या आत आणि डोकी बाहेर ठेवून बसतात. धोका जाणवला की हा पक्षी आधी गवतात दबून राहतो आणि अगदी जवळ कोणी आले की सगळा थवा एकदम फडफडत उडतो. पॉइंटरचे सगळे काम या दबून बसण्यावर चालते. तो नाक वर धरून वाऱ्यावरचा वास घेतो, त्यामुळे थव्यापासून काही पावलांवरच थांबतो. कॉकर नाक जमिनीला लावून पाखरांच्या पायांचा मागही काढतो.

पूर्वी पॉइंटर थांबला की कुत्री सांभाळणारा माणूस स्वतः पुढे जाई आणि गवतात पाय मारत थवा उठवी. दाट झुडपात हे जड जाते आणि तेवढ्या वेळात थवा चालत निसटतो. पॉइंटरलाच आत घुसायला सांगावे, तर त्याची शिस्त बिघडते. पाखरू समोरून उडाले तरी हलायचे नाही, हेच तर त्याला महिनोन्‌महिने शिकवलेले असते. पडलेले पाखरू आणण्यातही अनेक पॉइंटरांना फारसा रस नसतो. या कामासाठी लॅब्राडोर वापरत, काही ठिकाणी अजूनही वापरतात. पण अकरा ते चौदा किलोचा कॉकर गाडीच्या बाकावर सहज मावतो आणि लॅब्राडोरला अडवणाऱ्या काटेरी जाळीखालून निघून जातो. हे काम करणारे कॉकर बहुधा ब्रिटनमधल्या शिकारी वंशातले असतात. प्रदर्शनातल्या कॉकरपेक्षा त्यांचे कान आखूड आणि केस विरळ असतात.

जुन्या इस्टेटींवर आजही खेचरांची गाडी निघते. शिकारी घोड्यांवर किंवा गाडीत असतात, पुढे पॉइंटरांची जोडी धावते. एक पॉइंटर थांबला की त्याला पाहून दुसराही मागे जागच्या जागी थांबतो. हे दिसताच घोडेस्वार टोपी वर करून खूण करतो. दोन शिकारी दुनळी बंदुका घेऊन पॉइंटरच्या दोन्ही अंगांनी चालू लागतात. कॉकरला गाडीतून उतरवून टाचेशी धरून पुढे आणतात. वास नाकात शिरल्यावर त्याचे सारे अंग थरथरते, आखूड शेपटी थांबत नाही. तरी हुकूम होईपर्यंत तो जागा सोडत नाही. हुकूम होताच तो गवतात घुसतो. थवा उडाला की त्याने तिथेच बसायचे असते. हा नियम जिवाचा आहे, कारण क्वेल जमिनीलगत उडतो आणि त्याच्यामागे उडी मारणारा कुत्रा थेट बंदुकीसमोर येतो. म्हणूनच पाखरामागे आकाश दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही, असा दंडक आहे.

या जोडीत खरी कसोटी पॉइंटरची लागते. आपण हेरलेल्या थव्यावर दुसरे कुत्रे धावून जाताना त्याने शांत उभे राहायचे असते, म्हणून लहानपणापासून लांब दोरी बांधून त्याला ही सवय लावतात. हुकमाआधी सुटणारा कॉकर असला तर ही सगळी मेहनत वाया जाते. त्यापेक्षा कॉकर नसलेला बरा.

या पद्धतीची मुळे रेड हिल्सच्या जमिनीत आहेत. १८८०च्या दशकात थॉमसव्हिल हे उत्तरेकडच्या श्रीमंतांचे हिवाळी ठिकाण झाले आणि त्यांनी कापसाच्या जुन्या जमिनी शिकारीसाठी विकत घेतल्या. पुढे क्वेल कमी होऊ लागले तेव्हा जमीनमालकांच्या पैशातून १९२४ मध्ये पक्षी-अभ्यासक हर्बर्ट स्टॉडर्ड यांनी अभ्यास सुरू केला. त्यांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलाला लागलेली प्रत्येक आग वाईट, असे सरकारी वनखाते सांगत असताना स्टॉडर्ड यांनी ठरवून लावलेल्या आगीची बाजू घेतली आणि काळाने त्यांना बरोबर ठरवले. लाँगलीफ पाइन या इथल्या सूचिपर्णी झाडाची रोपे अशा आगीतून तगतात. खालचे झुडूप जळते, नवे गवत फुटते, पिल्लांना किडे मिळतात. पाइनखालची जमीन मोकळी राहिल्याने दूर थांबलेला पॉइंटरही नजरेला पडतो. १९५८ मध्ये स्थापन झालेले टॉल टिंबर्स हे संशोधन केंद्र आजही हे काम करते. बॉबव्हाइट अमेरिकेत इतरत्र फार घटला असताना इथे टिकून आहे, त्याचे मोठे श्रेय या आगीला आहे. अनेक इस्टेटींवर एका थव्यातून दोन-तीनच पाखरे मारण्याचा संकेतही पाळला जातो.

स्कॉटलंडच्या माळांवर ससाण्याने ग्राऊस हे रानपक्षी पकडतानाही अशी जोडी वापरतात. पॉइंटर किंवा सेटर थांबला की ससाणा आकाशात सोडतात आणि तो उंच, बरोबर डोक्यावर आला की स्पॅनियलला आत पाठवतात. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे (१९७२) अशी शिकार करता येत नाही. महाराष्ट्रातला कारवानी कुत्रा मुळात नजरेने शिकार धरणारा, वासावर थांबणारा नव्हे.

कॉकरला या कामात त्रासही बराच होतो. कुसळे कानात आणि बोटांच्या बेचक्यात रुततात, म्हणून हंगामाआधी केस कापतात आणि संध्याकाळी पंजे, कान, डोळे तपासतात. उबदार दिवशी डायमंडबॅक जातीचे रॅटलस्नेक बाहेर पडतात. गवतात आधी नाक घालणारा कॉकरच असल्याने सापाचा वास आला की दूर राहायला त्याला वेगळे शिकवले जाते.