वेल्शचे अघोष अनुनासिक: 1567 ते आज

मराठीत 'म्हातारा', 'न्हाणे' म्हणताना स्वरतंतू कंप पावत राहतात. वेल्समधल्या वेल्श भाषेत याच जातीचे अनुनासिक, म्हणजे नाकातून निघणारे, ध्वनी अघोष आहेत: ते काढताना स्वरतंतू कंप पावत नाहीत. मूळ शब्दाच्या आरंभी ते नसतात, शेजारच्या शब्दामुळे येतात. वडिलांना 'टाड' म्हणतात; आधी 'माझे' हा अर्थ देणारा शब्द आला की त्याचे 'न्हाड' होते. त्या शब्दाच्या शेवटी पूर्वी 'न' होता, आणि त्या 'न'ने पुढचा 'ट' गिळला. 'पेन', म्हणजे डोके, याचे तसेच 'म्हेन'.

मध्ययुगीन हस्तलिखितांत बऱ्याचदा 'न' आणि मूळचा 'ट' शेजारीशेजारी लिहिलेले सापडतात. उच्चार वाचणाऱ्याला ठाऊकच असे.

प्रश्न चिघळला तो छपाईत. 1563 साली इंग्लंडच्या संसदेने बायबल आणि प्रार्थनापुस्तक वेल्शमध्ये आणण्याचा कायदा केला आणि 1567 मध्ये नवा करार छापून आला. त्याचा मुख्य भाषांतरकार लॅटिनच्या वळणाचा: शब्दाचे मूळ डोळ्यांना दिसलेच पाहिजे, या मताचा. म्हणून त्याने 'माझे'नंतर सरळ 'टाड' छापले, अनुनासिक बदल दाखवलाच नाही. यात विक्षिप्तपणा नव्हता. हस्तलिखितांचा आधार होता, शिवाय मूळ शब्द चटकन सापडत होता. पण हे पुस्तक देवळात मोठ्याने वाचायचे होते. बहुतेक श्रोते निरक्षर. त्यांच्यासाठी जे कानावर पडेल तेच शास्त्र. जसे छापले तसे वाचले तर ती त्यांची भाषा राहत नव्हती. खऱ्या वेल्श माणसाच्या कानाला हे सोसवत नाही, अशी टीका त्याच शतकात झाली आणि ती रास्तच होती. 1588 च्या संपूर्ण बायबलने बोलीतले बदल अक्षरांत आणले. लेखी वेल्श तगली त्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

वेल्शमधला आणखी एक अघोष ध्वनी, 'ल'च्या जागी जीभ टेकवून बाजूंनी हवा सोडत काढायचा, इंग्रजांना 'फ्ल' असा ऐकू आला; 'लॉइड'चे 'फ्लॉइड' झाले ते त्यामुळे. 1567 मध्येच मिलानला छापलेल्या एका व्याकरणाने त्यासाठी 'एल'खाली टिंब दिले होते. टिकली ती दोन 'एल' शेजारी लिहिण्याची रीत. 1928 मध्ये शुद्धलेखनाचे नियम एकत्र बांधले गेले.

वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत वेल्श येते असे सांगणारे सुमारे 5 लाख 38 हजार होते. त्यांच्यातल्या अनेकांच्या बोलण्यातून अनुनासिक बदल आता गळतो आहे, विशेषतः गावांच्या नावांत. दक्षिणेकडच्या काही बोलींत 'ह'च उरलेला नाही, त्यामुळे तिथे 'न्हाड'चे 'नाड' होते. लिखाणात मात्र 1588 चीच रीत चालते.