थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय आली कुठून? थंड इंजिनामागचा इतिहास

गोव्यात ऐन जानेवारीतही पहाटेचा पारा विसाच्या आसपासच असतो. त्यामुळे इथे एखाद्या गाडीचं इंजिन नीट तापत नसेल, तर थंडीकडे बोट दाखवता येत नाही. म्हापशाहून निघालेल्या गाडीच्या इंजिनात फिरणारं पाणी पणजी येईपर्यंत ८० ते ९० अंशांवर पोचायलाच हवं. पोचत नसेल तर दोष गाडीतच आहे, आणि बहुतेक वेळा तो थर्मोस्टॅटपाशी सापडतो, म्हणजे पाणी पुरतं तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेपाशी. एक तर तो उघडा अडकलेला असतो, नाहीतर जागेवर नसतोच. कोणीतरी, कधीतरी, भल्यासाठी म्हणून काढून टाकलेला असतो. हे ‘भल्यासाठी’ कुठून आलं ते पाहायला बरंच मागे जावं लागतं.

पहिल्या मोटारींची काळजी एकच होती, इंजिन तापून बसू नये. बेन्झच्या १८८६ च्या तीनचाकीत पाणी चक्क उकळून वाफ होऊन जायचं आणि वाटेत पुन्हा भरावं लागायचं. विल्हेल्म मायबाखनं १९०० च्या सुमारास मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा रेडिएटर केला, तेव्हा ही डोकेदुखी बरीच कमी झाली. फोर्डच्या मॉडेल टी गाड्यांपैकी अगदी सुरुवातीच्या सोडल्या तर बाकीच्यांत पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी वर चढतं आणि गार खाली उतरतं, एवढ्या भरवशावर सगळं चालायचं. पाणी किती तापलंय हे कळावं म्हणून १९१२ पासून रेडिएटरच्या झाकणावर बसणारं बॉइस मोटोमीटर आलं. तेही तापलेलं इंजिन पकडण्यासाठीच.

थंड इंजिन हाही दोष आहे, हे उमजायला वेळ लागला. १९१४-१५ च्या सुमाराला कॅडिलॅकसारख्या महाग गाड्यांत थर्मोस्टॅट दिसू लागले. ते घडीच्या नळीचे होते. आत लवकर उकळणारा द्रव असे, तो तापला की नळी फुगून झडप उघडे. हा प्रकार फुटला तर सहसा उघडाच राहायचा, म्हणजे इंजिन वाचायचं. पण पाण्यावर दाब असलेल्या यंत्रणा आल्या तेव्हा त्याचा हिशोब चुकू लागला. त्याची जागा घेतली मेणाच्या थर्मोस्टॅटनं. सर्जियस व्हर्नेट यांनी तो १९३० च्या दशकात विकसित केला. धातूच्या छोट्या कुपीत मेण, ते वितळलं की फुगतं, दांडा ढकलतं, झडप उघडते. दाबाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. आजही बहुतेक गाड्यांत हेच आहे.

त्याच दशकात ब्रिटनमधल्या इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाईल इंजिनियर्सच्या संशोधनातून फार महत्त्वाची गोष्ट पुढे आली: सिलिंडर झिजतो तो नुसत्या घासण्यानं नव्हे. भिंती थंड असल्या की जळलेल्या इंधनातली वाफ त्यांच्यावर पाणी होऊन बसते, त्यात आम्ल तयार होतं आणि ते लोखंड खातं. माझ्या मते आपल्या गॅरेजांपर्यंत नीट न पोचलेलं सगळ्यात मोलाचं ज्ञान हेच. तापलेलं इंजिन रस्त्यात बंद पडून आरडाओरडा करतं. थंड इंजिन बिनतक्रार चालत राहतं, फक्त पेट्रोल जास्त पितं, ऑइल पातळ आणि काळं करतं आणि पिस्टनच्या रिंगा लवकर संपवतं.

आता गोव्याकडे येऊ. १९६१ पूर्वी इथे युरोपातून थेट गाड्या उतरत, आणि त्यांच्या इंजिनात थर्मोस्टॅट असे. मुक्तीनंतर हळूहळू ॲम्बेसेडर आणि फियाट यांचं राज्य आलं. दोन्ही इंजिनांचा पंखा पट्ट्यावर फिरणारा, म्हणजे गाडी चालू तोवर अखंड. रेडिएटरमध्ये कूलंट घालायची पद्धत नव्हती, जे मिळेल ते पाणी ओतायचं. किनाऱ्यालगतच्या गावांत उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं. असं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की आत गंज आणि खारट थर साचतो, आणि थर्मोस्टॅटची झडप बंद अवस्थेतच धरून बसते. मग अनमोड किंवा करमळ घाटात, भरलेल्या गाडीला दुसऱ्या गियरमध्ये, काटा लाल रेषेला टेकणारच.

मेकॅनिकनं थर्मोस्टॅटवरचं झाकण खोललं, त्याची गंजलेली चकती हातात आली, नवी लगेच मिळणार नव्हती. त्यानं ती फेकली, झाकण पुन्हा बसवलं, आणि गाडी तापायची थांबली. गिऱ्हाईक खूश. डिचोली, सत्तरी, सांगेच्या खाणींवरून जेटीपर्यंत खेपा मारणाऱ्या ट्रकांना तर थांबणं परवडणारंच नव्हतं. त्या वेळच्या अडचणीत हा उपाय समजण्यासारखा होता. पण तो उपाय न राहता रिवाज झाला: ‘आपल्याकडे गरम हवा, थर्मोस्टॅट हवाच कशाला?’ गाडी बनवणाऱ्यांनी मात्र उष्ण देशांचा विचार केलेला होता. बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या इंजिनांना उष्ण प्रदेशासाठी ७४ अंशांचा, एरवी ८२ चा आणि कडक थंडीसाठी ८८ चा थर्मोस्टॅट मिळे. म्हणजे उष्ण मुलखात कमी अंशांचा बसवायचा होता, काढून टाकायचा नव्हता. शिवाय काही इंजिनांत तीच झडप आतली आडवाट बंद करते. ती काढली तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि गाडी उलट जास्त तापते.

कार्ब्युरेटरच्या काळात थंड इंजिन कसंबसं खपून जायचं. कॉम्प्युटरनं मोजून पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्या आल्यावर चित्र बदललं. पाण्यातला सेन्सर ‘थंड आहे’ म्हणाला की कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो, आणि थर्मोस्टॅट नसेल तर सोडतच राहतो. त्यात भर म्हणजे आता पुष्कळ गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. इंजिन थंड असल्याचा निळा दिवा थोड्या वेळात विझतो आणि त्यानंतर इंजिन ६० अंशांवर अडकलं तरी डॅशबोर्डवर काही कळत नाही. थंड मुलखात हीटरमधून कोमट हवा आली की चालकाला शंका येते. आपण गोव्यात हीटर लावतच नाही, तेव्हा तीही खूण गेली. उरतो स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून वाचायचं यंत्र. देशात प्रदूषणाच्या बीएस-४ नियमांपासून गाड्यांत ओबीडी, म्हणजे स्वतःचे दोष कोडमध्ये नोंदवणारी यंत्रणा आली, आणि ‘पी०१२८’ हा कोड नेमकं हेच सांगतो की पाणी थर्मोस्टॅटच्या अंशांपर्यंत पोचत नाही.

तरी कोड आला म्हणून लगेच थर्मोस्टॅट बदलू नये. आधी इंजिन पूर्ण गार असताना पाण्याची पातळी बघावी, कारण पाणी कमी असेल तर सेन्सरला हवाच लागते. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी पाण्याचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान स्कॅनरवर जवळपास सारखं दिसायला हवं. हवा २५ आणि पाणी उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटली आहे किंवा सॉकेट सुटलंय. पावसाळ्यात आणि खाऱ्या वाऱ्यात सॉकेटच्या पिना हिरव्या पडतात, तेही बघावं. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर मीटरवर २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम आणि ८० ला तीनशेच्या आसपास दाखवतो.

सेन्सर ठीक निघाला तर इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावावा, पंख्यापासून लांब राहून. थर्मोस्टॅट बंद असेपर्यंत पाइप गारच राहतो आणि मग एकदम गरम होतो. पहिल्या मिनिटापासून तो इंजिनासोबतच हळूहळू कोमट होत असेल तर झडप उघडी आहे. रस्त्यावरची खूणही पक्की असते: पर्वरीच्या ट्रॅफिकच्या रांगेत तापमान चढतं, हायवेला वारा लागला की उतरतं. विजेचा पंखा सुरुवातीपासूनच फिरत असेल तर मात्र त्याच्या रिलेकडे (विजेच्या स्विचकडे) किंवा सेन्सरकडे वळावं.

काढलेला थर्मोस्टॅट तपासणं सोपं. त्याच्या कडेवर अंश कोरलेले असतात, समजा ८२. टोपात पाणी घेऊन तो तारेनं लटकवायचा, शेजारी थर्मामीटर धरायचा आणि गॅस पेटवायचा. ८२ च्या आसपास चकती फटीएवढी हलते, ९५ पर्यंत सात-आठ मिलिमीटर उचलली जाते, आणि गार झाल्यावर कडेला घट्ट टेकते. टेकताना फट राहिली तर दोष तिथेच. नवा बसवताना चकतीवरची हलती पिन वर ठेवावी, म्हणजे आतली हवा निघून जाते. पाणी विहिरीचं नको, कंपनीनं सांगितलेलंच कूलंट घालावं. झडप पुन्हा धरू नये याची खरी तजवीज तीच.

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ डिझेल आल्यावर या जुन्या रिवाजाची किंमत आणखी वाढली. सायलेन्सरच्या वाटेवरचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, आपली काजळी जाळतो तो इंजिन पुरेसं गरम असेल तरच. पणजीतल्या पणजीत फिरणाऱ्या गाडीला आधीच ती संधी कमी मिळते, त्यात थर्मोस्टॅट उघडा असला की मिळतच नाही. दिवा लागतो, पिकअप जातो आणि डीपीएफ बदलायचा महागडा खर्च पुढे येतो. त्याला होकार देण्याआधी गाडी अर्धा तास हायवेला चालवून पाण्याचं तापमान किती येतं ते स्कॅनरवर दाखवायला सांगावं.