रबराची चादर आणि टीव्हीवरच्या मुंग्या

मृग लागला की आमच्या फोंड्यात आकाश बंद होतं. ज्या नक्षत्राच्या नावाने आपण पावसाची वाट बघतो, ते त्या दिवसांत दिसणं शक्यच नसतं. सूर्य त्याच्याच घरात मुक्कामाला असतो, म्हणून तर ‘मृग लागला’ म्हणायचं. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा पुढच्या चार महिन्यांतच उरकतो. दुर्बीण कपाटात जाते, भिंगाला बुरशी धरू नये म्हणून सोबत सिलिकाच्या पुड्या ठेवाव्या लागतात. त्यामुळे माझं खगोलशास्त्र हंगामी आहे. उघडीप असेल तेव्हा गच्चीवर, पावसात पुस्तकांत आणि टीव्हीवर. खरं सांगू? पावसाळी भागच मला जास्त आवडतो. गच्चीवर डास असतात.

ही सवय दूरदर्शनने लावली. १९९१ मध्ये ‘टर्निंग पॉईंट’ लागायचं आणि त्यात प्रा. यशपाल प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. पोस्टकार्डावर कुणीतरी विचारलेला साधासा प्रश्न ते इतक्या आनंदाने हातात घ्यायचे की जणू त्याचीच वाट बघत होते. आमच्या कौलांवरचा अँटेना वाऱ्याने फिरला की मात्र पडद्यावर मुंग्या यायच्या. एकाने वर चढून अँटेना फिरवायचा, दुसऱ्याने खिडकीतून ‘आलं, आलं, गेलं!’ ओरडायचं. विश्वाच्या जन्माची गोष्ट रंगात यावी आणि नेमक्या तेव्हा मुंग्या.

त्या मुंग्यांमध्येच विश्वाच्या जन्माची गोष्ट होती, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी एका पुस्तकात कळलं. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचं झालं तोवर ते इतकं तप्त होतं की प्रकाशाला सरळ वाटच नव्हती. मोकळे इलेक्ट्रॉन त्याला जागोजागी अडवत. तापमान साधारण ३००० केल्विनपर्यंत उतरलं, इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बांधले गेले आणि प्रकाश सुटला. तो आजही सर्व दिशांनी आपल्याकडे येतो आहे. फक्त मधल्या काळात विश्व जवळजवळ ११०० पटींनी ताणलं गेलं, त्यासोबत त्या प्रकाशाच्या लहरीही ताणल्या आणि आता त्यांचं तापमान जेमतेम २.७ केल्विन उरलं आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्मलहरी झाल्या त्यांच्या. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये पेन्झियास आणि विल्सन या दोन रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांना १९६४ मध्ये आपल्या अँटेनात एक चिवट खरखर ऐकू आली. आत कबुतरांनी घरटं केलं होतं. त्यांनी ते काढलं, विष्ठा खरवडून साफ केली, खरखर तशीच. ती याच जुन्या प्रकाशाची होती. १९७८ मध्ये याच खरखरीला नोबेल मिळालं. आमच्या कौलांवर कावळे बसायचे, एवढाच फरक.

पडद्यावरच्या सगळ्याच मुंग्या काही तिथून आलेल्या नसत. बराचसा गोंधळ टीव्हीच्या स्वतःच्या सर्किटचा आणि आसपासच्या विजेच्या उपकरणांचा असायचा. पण साधारण शंभरातली एखादी मुंगी १३८० कोटी वर्षांचा प्रवास करून आमच्या बैठकीत पोचत होती. म्हणजे कार्यक्रम बंद पडल्यावरही कार्यक्रम चालूच होता. आताच्या सेट-टॉप बॉक्सवर सिग्नल गेला की निळा पडदा आणि सभ्य शब्दांत दिलगिरी. प्रगतीबद्दल तक्रार नाही, पण मुंग्या गेल्या.

आमच्यासारख्या गोव्यातल्या अनेक घरांत बोलणं कोंकणीत आणि वाचणं मराठीत चालतं. त्यामुळे विश्वाचे शब्द माझ्याकडे मराठीतून आले, मुख्यतः जयंत नारळीकरांकडून. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून त्यांची पुस्तकं आणायची आणि मुदत उलटली की दंडासकट परत करायची, हा आमचा क्रम. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा केला आणि पहिलं बक्षीस मिळवलं.

शब्दांचा एक धोका मात्र तेव्हा लक्षात आला नाही. विश्वाच्या जन्माला ‘महास्फोट’ म्हटलं की काळोख्या पोकळीत कुठेतरी सुतळी बॉम्ब फुटला असं चित्र डोळ्यांपुढे येतं, आणि टीव्हीवाले तेच चित्र आवाजासकट दाखवतात. प्रत्यक्षात पोकळी आधी, स्फोट नंतर असं काही नव्हतं. जागाच प्रसरण पावू लागली, सगळीकडे एकदम. त्यामुळे ‘तो नेमका कुठे झाला’ या प्रश्नाचं उत्तर फोंडा असं दिलं तरी चुकत नाही. ‘बिग बँग’ हे मूळ इंग्रजी नावही ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर दिलं, आणि ते स्वतः या सिद्धांताचे विरोधक होते. नारळीकर त्याच हॉईलचे विद्यार्थी. महास्फोटाबद्दलची शंका त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. मला विचाराल तर पेन्झियास-विल्सनच्या खरखरीपुढे ती बाजू लंगडी पडते. पण एकच उत्तर गंभीर संगीतावर घोळवणाऱ्या मालिकांपेक्षा, बहुमताच्या विरोधात उभं राहून आपलं म्हणणं शांतपणे मांडणाऱ्या माणसाची पुस्तकं मला विज्ञानाच्या जास्त जवळची वाटली.

आणि मग ती रबराची चादर. आईन्स्टाईनचं गुरुत्वाकर्षण आलं की प्रत्येक कार्यक्रमात ती येतेच. ताणलेली चादर, मधोमध जड गोळा, त्याने पडलेला खळगा, भोवती फिरणाऱ्या गोट्या. वीस वर्षं मी ती समजून बसलो होतो. दोन पावसाळ्यांपूर्वी आठवीतल्या भाचीने सोबत बसून तो भाग बघितला आणि विचारलं, “मामा, पूण ताका सकयल ओडटा कोण?”

गोळ्याला खाली ओढतं कोण? पृथ्वीच! म्हणजे गुरुत्वाकर्षण समजावून सांगायला आपण चादरीखाली गुरुत्वाकर्षणच लपवून ठेवलं होतं. उपमा ही अशी गोष्ट आहे. न्याहारीला बरी, पण तिच्यावर दिवस काढता येत नाही.

चादरीची दुसरी खोड जास्त मोठी आहे. ती फक्त जागा वाकलेली दाखवते. झाडावरून पडणाऱ्या नारळाच्या बाबतीत जागेच्या वाकण्याला जवळजवळ काहीच महत्त्व नाही. सगळी करामत काळाची. जमिनीजवळ काळ किंचित सावकाश चालतो, वर किंचित जलद. २०१० मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेत दोन अणुघड्याळांपैकी एक फक्त ३३ सेंटिमीटर वर उचललं, तरी दोघांतला फरक मोजता आला. ऐंशी वर्षं सतत उभं राहिलेल्या माणसाचं डोकं त्याच्या पायांपेक्षा साधारण ०.४ मायक्रोसेकंदांनी जास्त म्हातारं होईल.

आता चेंडू वर फेकून परत झेला. फेकणं आणि झेलणं यांच्यामध्ये तो असा रस्ता धरतो की त्याच्या स्वतःच्या घड्याळात जास्तीत जास्त वेळ मोजला जावा. वर गेलं तर घड्याळ जलद, म्हणून वर जाणं फायद्याचं. पण धावपळ केली की घड्याळ मंदावतं, म्हणून फार उंच आणि फार वेगाने जाऊनही चालत नाही. या दोन्हींचा हिशेब जिथे जमतो तीच चेंडूची वाट. ओढणारं कुणी नाही. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, हे चादरीपेक्षा कठीण आहे. आहेच.

हे फक्त चेंडूपुरतं नाही. मालीमच्या जेटीवरून सुटणारे ट्रॉलर ज्या जीपीएसच्या भरवशावर समुद्रात जातात, त्याचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. उंचीमुळे त्यांची घड्याळं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मागे पडतात. बेरीज ३८ पुढे. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त अंतर कापतो. म्हणून ती घड्याळं वर पाठवण्याआधीच बेताने मंद लावलेली असतात. बांगडे पकडायला आईन्स्टाईनची सापेक्षता लागते, हे कुठल्याही मालिकेत मी अजून पाहिलेलं नाही.

भाचीला आता खोड लागली आहे. दिसेल त्या उपमेत ती भोक शोधते. गेल्या चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगायची चौकट, बांधून झाल्यावर तिने मला गणपतीपुढे बसवून वर बघायला लावलं. खालून बघताना नारळ, चिबूड, तोरिंग, सुपारीचे घोस सगळे एकाच छतात बसवल्यासारखे दिसत होते. बाजूला सरकल्यावर मात्र कुणी हातभर खाली, कुणी वर. “मृगाचंय अशेंच?” तिने विचारलं. तसंच. त्यातली तांबूस चांदणी काक्षी (बीटलज्यूस) पाचशे ते सातशे प्रकाशवर्षांच्या आसपास, निळसर तारा राजन्य (रायजेल) साधारण ८६० वर आणि पट्ट्यातला मधला तारा १००० च्याही पलीकडे. मृगाचा आकार फक्त आपल्या अंगणातून दिसणारा. या उपमेत भोक कुठे, हे तिनेच सांगितलं: माटोळीच्या खालून सरकता येतं, मृगाच्या खालून किती सरकणार?

त्या रात्री तीनच्या सुमारास पाऊस थांबल्यासारखा वाटला म्हणून गच्चीवर गेलो. पूर्वेला ढग फाटले होते आणि मृग आडवा पडून वर येत होता. तिला उठवायला खाली उतरलो, ती डोळे चोळत वर आली, तोवर फक्त काक्षी उरली होती.