लटकती पायरी की उभी पायरी? कॅम्पर ट्रेलरला नेमकी कुठली बनवायची

परवा बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या फॅब्रिकेशनवाल्या अण्णांकडं उभा होतो, तेवढ्यात एक पोरगं आलं, कॅम्पर ट्रेलरला, म्हणजे गाडीमागं ओढत न्यायच्या चाकांवरच्या खोलीला, पायरी बनवून पाहिजे म्हणालं. अण्णांनी विचारलं लटकती की उभी, तर म्हणतंय कुठलीपण चालंल की अण्णा, पायरीच तर हाय. मला राहवलं नाही, कारण दोन वर्षांमागं मी पण अगदी हेच बोललो होतो आणि पैसे दोनदा घातले.

लटकती म्हणजे दाराखाली हुकनं अडकवलेली नाहीतर बोल्टनं बसवलेली, घडी करून आत सरकवायची, जमिनीला टेकतच नाही. उभी म्हणजे स्वतःच्या चार पायांवर दारासमोर ठेवायची, ट्रेलरशी तिचा काही संबंध नाही, आपल्या घरातल्या दोन पायऱ्यांच्या स्टुलासारखी. दोन्ही त्याच स्क्वेअर पाइपच्या, वर तीच चेकर प्लेट (पाय घसरू नये म्हणून उठावाची नक्षी असलेला लोखंडी पत्रा), म्हणून फोटोत बघून लोक एकच समजतात. बघायचं फक्त एवढंच की पाय ठेवला की तुमचं वजन जातंय कुठं. लटकतीत ते ट्रेलरच्या सांगाड्यावर जातं, उभीत थेट मातीत.

माझी पहिली लटकती होती. आईला घेऊन सौंदत्तीला यल्लम्मा डोंगराला गेलतो, आत शेगडीवर चहाचं आधण ठेवलेलं, आणि कोण पण पायरीवर पाय ठेवला की अख्खा ट्रेलर त्या अंगाला कलायचा, कारण बॉडी स्प्रिंगच्या पाट्यांवर बसलीय ना, आणि भांड्यातलं पाणी काठापर्यंत यायचं. आईचे गुडघे दुखतात. तिनं दाराची चौकट धरून एक पाय टाकला, पायरी खाली गेली तशी तिनं पाय मागं घेतला, असं दोनतीनदा झालं, आणि शेवटी माऊली उंबऱ्यावर बसून, सरकत खाली उतरली. ते बघून पोटात तुटलं. कोपऱ्यातले जॅक टेकवले की हे डुलणं बरंच कमी होतं हे खरं, पण रस्त्याकडेला १० मिनिटं थांबल्यावर जॅक कोण लावत बसतंय.

दुसरी गोष्ट वेल्डिंगची. समजा ८० किलोचा माणूस बॉडीपासून २५ सेंटिमीटर बाहेर पायरीवर उभा आहे, आणि वरचा हुक नि खालचा टेकू, म्हणजे पायरी खाली बॉडीला टेकते ती जागा, यांच्यात अंतर २० सेंटिमीटर. तर वरच्या हुकला बाहेर ओढणारा जोर १०० किलोचा होतो, आणि खाली दाबणारे ८० किलो ते वेगळेच, वर पोरं उड्या मारत चढतात ते धरलंच नाही. बॉडीच्या पातळ पत्र्याला डायरेक्ट वेल्ड मारलं असेल तर वेल्डच्या कडेनं पत्रा फाटतो. माझ्या ट्रेलरला तिथं केसाएवढी चीर पडली होती, हात फिरवल्यावर नखाला लागली म्हणून कळली. लटकती करायचीच तर चॅसीच्या चॅनेलला, म्हणजे ट्रेलरच्या खालच्या सांगाड्याच्या जाड लोखंडाला, बोल्टनं पकडा, आणि हुक ते टेकू अंतर २० चं ४० करता आलं तर तोच ओढणारा जोर निम्म्यावर येतो.

आता उभी. हिचं सगळं भांडण मातीशी. खानापूर-जांबोटीकडं जांभ्या दगडाची जमीन, तिथं पाय मस्त टेकतात. पण चिकोडी-अथणीकडच्या काळ्या रानात पाऊस झाल्यावर ठेवून बघा, आपल्या डोळ्यांदेखत पाय आत जातात. २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा तळ सव्वासहा चौरस सेंटिमीटर, चार पायांचा मिळून २५, म्हणजे ८० किलोला दर चौरस सेंटिमीटरवर तीन किलोच्या वर दाब. त्याच पायांखाली १० बाय १० सेंटिमीटरच्या प्लेटा मारल्या की तळ ४०० होतो आणि दाब ०.२ किलोवर येतो, १६ पट फरक. आणि पाइपची तोंडं बंद करून घ्या, नाहीतर आत पाणी राहून गंज धरतो.

घोळ होतो तो तिसऱ्या प्रकारात, वर हुक आणि खाली पायपण. लोकांना वाटतं दोन्हीकडनं आधार, डबल मजबूत. पण आत चार माणसं बसली की बॉडी खाली दबते, पायरीचे पाय तर जमिनीवर घट्ट, मग मधल्यामधी हुक वाकतो. असं करायचंच असेल तर हुकचं भोक उभं लांबट ठेवा, म्हणजे बॉडी खालीवर झाली तरी हुक मोकळा राहतो आणि पायरी फक्त पुढं सरकण्यापासून थांबते. माझी आताची अशीच आहे, वजन सगळं पायांवर.

उंचीत पण लोक चुकतात. उंबरा जमिनीपासून २४ इंच असेल तर ८-८ चे तीन चढ, पण पायऱ्या दोनच, ८ वर आणि १६ वर, तिसरा चढ थेट आत. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये घराच्या जिन्याला १९० मिलिमीटर म्हणजे साधारण साडेसात इंचाच्या वर चढ नको म्हणून सांगितलंय आणि पाय ठेवायला किमान २५० मिलिमीटर. आई आहे म्हणून मी ६ इंचाचे चार चढ केले, तीन पायऱ्या झाल्या, थोडी जागा खाते पण ती आता एकटी उतरते. उतारावर थांबलं की उभीत पाइपात पाइप घालून, इंचाइंचावर भोकं पाडून पिननं पाय लांब-आखूड करता येतात. साध्या लटकतीत ते नाही, जमीन खाली गेली की शेवटचा चढ एकदम फुटाचा होऊन बसतो.

लटकती वाईट म्हणत नाही मी. ती आत ठेवायला जागा लागत नाही, कुठं विसरून येत नाही, तरणी माणसं आणि घटकाभराचे थांबे असतील तर तीच सोयीची. घरात म्हातारं माणूस किंवा लहान पोर असेल तर मात्र उभीच करा.

त्या पोराला एवढं सगळं सांगितलं, तर त्यानं तिथनंच घरी फोन लावला, घरात आजी आहे म्हणाला, आणि भावाला उंबरा मोजायला लावला. साडेबावीस इंच. अण्णांनी खडू घेतला आणि पाइपवर दोन खुणा केल्या, साडेसात आणि पंधरा.