तरुण खेळाडूंचे अदलाबदलीसाठी मूल्यमापन (बास्केटबॉल)

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत, स्वतःच्या संघात पुरेशी संधी न मिळालेला तरुण खेळाडू हेरून तो अदलाबदलीत (ट्रेड) परवडेल का, याची केली जाणारी पारख. ‘परवडणे’ येथे दोन अर्थांनी घ्यावे लागते : खेळाडूचा पगार कमी असणे आणि त्याच्या बदल्यात द्यावे लागणारे खेळाडू किंवा ड्राफ्टमधील (नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील) हक्क कमी असणे. दोन्ही एकाच वेळी क्वचितच जुळून येते.

या पद्धतीचा आरंभ १९८४-८५ च्या हंगामात लागू झालेल्या संघनिहाय वेतनमर्यादेपासून (३६ लाख डॉलर) धरता येईल. पण त्या मर्यादेत नवख्यांच्या पगाराला वेगळे बंधन नव्हते. १९९४ च्या ड्राफ्टमध्ये सर्वप्रथम निवडल्या गेलेल्या ग्लेन रॉबिन्सनने दहा वर्षांसाठी सुमारे ६.८ कोटी डॉलरचा करार केला होता. १९९५ मध्ये संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात झालेल्या सामूहिक कराराने पहिल्या फेरीतील खेळाडूंना निवडक्रमानुसार पगारश्रेणी लावली आणि गुणी तरुण खेळाडू काही वर्षे बाजारभावापेक्षा स्वस्तात मिळू लागला. त्यामुळे १९९५ हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हल्ली हा करार चार वर्षांचा असून शेवटची दोन वर्षे संघाच्या मर्जीवर असतात. तिसऱ्या हंगामानंतर मुदतवाढीची बोलणी करता येतात. ती फिसकटली की खेळाडू अदलाबदलीत येण्याचा संभव वाढतो. ओक्लाहोमा सिटी संघाने ऑक्टोबर २०१२ मध्ये जेम्स हार्डनला ह्यूस्टन संघाकडे धाडले, ते ही बोलणी संपवण्याच्या मुदतीच्या तोंडावर.

पारख करताना खरा पेच मैदानावर मिळालेल्या मिनिटांचा असतो. जर्मेन ओनील १९९६ मध्ये शाळेतून थेट पोर्टलंड संघात आला आणि चार हंगाम बहुतांशी बाकावरच बसला. १९९९-२००० मध्ये त्याला सामन्यामागे १२.३ मिनिटे मिळाली, त्यांत ३.९ गुण आणि ३.३ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर चेंडू ताब्यात घेणे). हेच ३६ मिनिटांच्या प्रमाणात मांडले, तर सुमारे ११.४ गुण आणि ९.७ रिबाउंड होतात. इंडियानाने ३१ वर्षांचा डेल डेव्हिस देऊन या २१ वर्षांच्या मुलाला घेतले. पुढच्याच हंगामात ३२.६ मिनिटांत त्याने १२.९ गुण आणि ९.८ रिबाउंड मिळवले, म्हणजे प्रमाणानेही अधिक. पुढे तो सहा वेळा ऑल-स्टार (हंगामातील निवडक उत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडलेला) झाला. तरीही ही त्रैराशिकाची रीत सर्वमान्य नाही. राखीव खेळाडू पुष्कळदा प्रतिपक्षाच्या राखीवांशीच खेळतो, आणि खेळातला वाटा वाढला की नेमबाजीची अचूकता घसरते, असा आक्षेप घेतला जातो. रिबाउंड व ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याची फेक अडवणे) यांच्याबाबत ही रीत बरीच विश्वसनीय, गुणांबाबत कमी, असे म्हणणे योग्य ठरेल. लांबून नेम साधण्याची क्षमता जोखताना मोजक्या तीन-गुणी फेकींपेक्षा फ्री थ्रोची (फाउलबद्दल मिळणाऱ्या मुक्त फेकीची) टक्केवारी पाहणे हिताचे. २०१३-१४ पासून सर्व मैदानांत खेळाडूंच्या हालचाली टिपणारे कॅमेरे आले, त्यामुळे चेंडूविना होणारी हालचालही मोजता येते.

युरोपातील क्लब मुख्यतः मोबदला भरून खेळाडू घेतात. तेथे हा प्रकार फारसा नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सॅक्रॅमेंटोने दुसऱ्याच हंगामात खेळणारा टायरिस हॅलिबर्टन इंडियानाला देऊन डोमांटास साबोनिसला घेतले (याच दोन संघांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीला एनबीएचे भारतातील पहिले सामने खेळले होते). २०२५ च्या अंतिम फेरीत हॅलिबर्टनच्या इंडियानासमोर ओक्लाहोमा सिटीचा शे गिलजस-अलेक्झांडर उभा होता. त्यालाही २०१९ मध्ये, पहिल्याच हंगामानंतर, लॉस एंजेलिस क्लिपर्स संघाने अदलाबदलीत दिले होते. ओक्लाहोमा सिटीने सातव्या सामन्यात विजेतेपद मिळवले.